आलो, गेलो, आलो

काहीही बिघडलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे घडलं त्यात बायकोने, भाच्याने आणि सोसायटीच्या खजिनदारांनी मला एकच प्रश्न आपापल्या नात्याप्रमाणे अहो-अरे करून विचारला: चांगलं चाललं होतं, मग हात कशाला लावला? त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

डोंबिवलीत आमची सोसायटी. चौसष्ट फ्लॅट, एक लिफ्ट, एक गणपती. त्यातली लिफ्ट अधूनमधून नसते. २०२१ साली कोरोनामुळे दारोदार फिरून वर्गणी मागायची सोय राहिली नाही, तेव्हा "आपल्यात कोणीतरी कॉम्प्युटरवाला आहे ना?" असा प्रश्न सभेत निघाला आणि त्रेसष्ट घरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बावीस वर्षं कॉम्प्युटरवाला आहे. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं मी कॉम्प्युटरवर फक्त मीटिंगा केल्या, ही गोष्ट सभेत बोलायची नव्हती. हातात काहीतरी खरं काम आलं म्हणून मी सुखावलो आणि महिनाभर खपून एक छोटं ॲप केलं. वर बाप्पाचा फोटो, त्याखाली आगमनाला किती वेळ उरला ते उलटं मोजणारं घड्याळ, त्याखाली वर्गणी दिलेल्यांची यादी आणि तळाशी बेरीज. वर्गणी प्रत्येकी ५०१.

पहिल्याच वर्षी घड्याळाने घोळ घातला. २०२१ ची गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. सप्टेंबर नववा महिना, म्हणून मी ९ लिहिलं. जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते हे मला पाठ होतं, पण पाठ असलेली गोष्ट परीक्षेत आठवायला लागते. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक, त्या हिशेबाने नऊ म्हणजे ऑक्टोबर. आमचे बाप्पा पितृपक्ष ओलांडून थेट नवरात्रात निघाले. मखरवाली मुलं घड्याळ बघून निवांत झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्या दारात आणलं, तेव्हा कुठे मला कळलं.

त्यात जावास्क्रिप्टला फार बोलण्यात अर्थ नाही. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमधल्या ब्रेंडन आइक यांनी ती भाषा दहा दिवसांत उभी केली. महिन्यांचा तो शून्य तिने जावाकडून जसाच्या तसा उचलला. दहा दिवसांत आपल्याकडे गणपती येतात, राहतात आणि वाजतगाजत जातातसुद्धा. ही आली ती आलीच. विसर्जनाचं कोणी मनावरच घेतलं नाही.

तर ॲप चाललं होतं. त्यासाठी मी रिॲक्ट नावाची लायब्ररी वापरली होती. पडद्यावरची यादी, बटणं, बेरजा आपोआप ताज्या ठेवणं हे तिचं काम. फेसबुकच्या मंडळींनी ती आधी घरच्यासाठी केली आणि २०१३ साली जगाला मोकळी करून दिली. मी घेतली तेव्हा सतरावी आवृत्ती चालू होती. या सतरावीच्या घोषणेतच लिहिलं होतं की हिच्यात नवीन असं काही नाही. इतकी सज्जन वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. आमच्याकडे साबणाच्या वडीवरसुद्धा 'आता नव्या रूपात' असं असतं.

या सज्जन बाईबरोबर माझा संसार सुखाने चालला असता. पण ऑगस्ट २०२२ मध्ये ऑफिसातल्या एका पोरसवदा मुलीने माझ्या लॅपटॉपवर डोकावून विचारलं, "सर, अजून सतरावर?" लोक "अजून भाड्याच्याच घरात?" असं ज्या सुरात विचारतात त्या सुरात. अठरावी २९ मार्चलाच आली होती. पाच महिने मी मागासलेल्या अवस्थेत हिंडत होतो आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

या आवृत्त्यांच्या आकड्यांत तीन भाग असतात. शेवटचा आकडा बदलला तर समजायचं की कुठेतरी स्क्रू घट्ट केला. मधला बदलला तर घरात नवा पंखा आला. आणि पहिला बदलला तर घरच बदललं, जुनं फर्निचर बसेलच असं नाही. सतराचं अठरा म्हणजे पहिला आकडा. हे मी ऑफिसात नव्या मुलांना दर वर्षी समजावून सांगतो. वर असंही सांगतो, की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कधीही अपग्रेड करायचं नाही.

रविवारी, २१ ऑगस्टला, मंडळाच्या सभेत ॲप दाखवायचं होतं. शनिवारी रात्री साडेदहाला मी अपग्रेड करायला बसलो.

एनपीएम हा या दुनियेतला वाणी. यादी द्यायची, तो सामान आणून टाकतो, आणि त्या सामानाला जे सामान लागतं तेही. मी अठरावी मागितली आणि त्याने पडदाभर लाल अक्षरांत नकार दिला. तारीख निवडायची एक चिमुकली लायब्ररी अडून बसली होती. म्हणे, मी सतरावीच्याच पंगतीला बसेन. मानपान! लग्नात अशा वेळी कोणीतरी वडीलधारा मध्ये पडतो. इथे एनपीएमने स्वतःच सुचवलं, की पुढे 'फोर्स' जोडा, म्हणजे चुकीची आणि कदाचित मोडकी जुळणी तुम्हाला चालेल असं आम्ही समजू. इतकं स्वच्छ बजावलेलं मी लग्नाच्या बाबतीतही ऐकलेलं नाही. मी 'फोर्स' जोडला.

सामान आलं. त्यामागून सहा गंभीर धोके सापडल्याची बातमी आली. आणि सोबत नम्रपणे एक ओळ: दोनशेच्या वर पॅकेजेस आर्थिक मदतीच्या शोधात आहेत. म्हणजे मी वर्गणीचं ॲप करायला बसलो, तर माझ्याच दारात दोनशे जण पावतीपुस्तक घेऊन उभे!

हे दोनशे वरवरचे. खरं खटलं 'नोड मॉड्यूल्स' नावाच्या फोल्डरात राहतं. जुन्या घराच्या माळ्यासारखी जागा आहे ती. काय ठेवलंय ते कोणाला माहीत नाही, आणि काढायची कोणाची छाती नाही. २०१६ च्या मार्चमध्ये 'लेफ्टपॅड' नावाचं अकरा ओळींचं एक पॅकेज त्याच्या कर्त्याने भांडणातून काढून घेतलं आणि जगभरातल्या मातब्बर प्रकल्पांची कामं अडली. त्या अकरा ओळींचं काम काय, तर शब्दाच्या डावीकडे जागा भरून काढणं. आमच्या सोसायटीत प्लंबर गावाला गेला की जे होतं तेच, फक्त पृथ्वीच्या आकाराचं.

असो. मी ॲप चालू केलं. चाललं! फक्त कोपऱ्यात एक लाल सूचना आली, की तुम्ही ॲप जुन्या पद्धतीने सुरू करताय, 'क्रिएटरूट' ही नवी पद्धत वापरा. जोवर वापरत नाही तोवर आम्ही सतरावीसारखंच वागू.

ती ओळ मला आजही रात्री आठवते. ते म्हणत होते, की तू काहीही करू नकोस, आम्ही सतरावीसारखंच वागू. याहून उदार कोण असतं? मला फक्त लॅपटॉप मिटायचा होता. पण लाल अक्षरं दिसली की माझ्यातला चौथीतला हुशार मुलगा जागा होतो. दोन ओळी बदलल्या, 'क्रिएटरूट' लावलं, लाल सूचना गेली आणि मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टर लावला. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली नव्हती, म्हणून माझ्या लॅपटॉपवरूनच दाखवत होतो. बाप्पा आले, टाळ्या पडल्या. घड्याळ आलं.

"हे सात काय लिहिलंस? ३१ ऑगस्टला आहे ना चतुर्थी?" कोडच्या खिडकीकडे बोट दाखवत खजिनदार अण्णांनी विचारलं. अण्णा बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाले, पण त्यांच्या नजरेतला काउंटर अजून उघडाच असतो.

"अण्णा, सात म्हणजे ऑगस्ट."

"तुझ्याकडे असेल," अण्णा म्हणाले.

मग यादी आली. मग बेरीज: ३२,०६४ रुपये.

सभा क्षणभर गप्प झाली. अण्णांनी वहीच्या कोपऱ्यात चौसष्ट गुणिले पाचशे एक केलं आणि चष्मा काढला. "शंभर टक्के," ते हळूच म्हणाले. "चौसष्टच्या चौसष्ट. मंडळ स्थापन झाल्यापासून पहिल्यांदा."

अध्यक्ष उभेच राहिले. डिजिटल युग, तरुण पिढी (मी, वय ४७) आणि पारदर्शक कारभार यांवर ते पाच मिनिटं बोलले. कोपऱ्यातून ढोल-ताशा पथकाची सूचना आली आणि तिथल्या तिथे मंजूर झाली. दोन वर्षांच्या निर्बंधांनंतरचा पहिला मोकळा गणपती होता, लोक उत्साहातच होते. मोदक अकराऐवजी एकवीस किलो ठरले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पण मी तर अजून वर्गणी दिलेलीच नाही."

"तुम्ही विसरला असाल," अध्यक्ष म्हणाले.

"आणि माझ्या फोनवर हेच ॲप सोळा हजार बत्तीस दाखवतंय," मागून एक आवाज.

"तुमचा फोन जुना झालाय," अध्यक्ष म्हणाले.

तो माणूस खरंच खाली बसला! फोन जुना असल्याची त्याला स्वतःलाही लाज वाटत असावी. मी मात्र घड्याळाकडे बघत होतो. सेकंद अठ्ठावन्न होते. मग छप्पन्न झाले. मग चोपन्न. बाप्पा दुप्पट वेगाने येत होते.

एका लहान मुलाने हे मोठ्याने सांगितलं. मी म्हणालो, "प्रोजेक्टर अडकतोय." संगणकाच्या धंद्यात बावीस वर्षांत मी जे काही शिकलो त्यातलं हे मुख्य. पहिला दोष जवळच्या वायरीला द्यायचा.

मग मी यादी खाली सरकवली. बत्तीस नावं नीट होती. तेहेतिसावं नाव पुन्हा पहिलंच होतं. बत्तीस घरांनी वर्गणी दिली होती आणि प्रत्येक घर दोनदा आलं होतं. बत्तीस दुणे चौसष्ट. दुर्दैव असं की आमच्या इमारतीत फ्लॅटही तितकेच. एक मजला जास्त असता तर अण्णांना तिथेच संशय आला असता.

त्या संध्याकाळी अध्यक्षांनी ग्रुपवर संदेश टाकला: "तांत्रिक बिघाडामुळे वर्गणीच्या नोंदींत गोंधळ झाला आहे. ज्यांनी वर्गणी भरली आहे त्यांनी कृपया पुन्हा एकदा आपली नोंद तपासावी." संदेश सरळ होता. पण ग्रुपवरचा संदेश वाचायची पद्धत अशी आहे, की डोळे 'वर्गणी', 'कृपया' आणि 'पुन्हा एकदा' एवढेच शब्द उचलतात. रात्री नऊपर्यंत पाच जणांनी पुन्हा एकदा ५०१ भरले. त्यांच्या नोंदी यादीत चढायला वेळ लागला, म्हणून हे मला नंतर कळलं.

मी तपासाला लागलो. आधी ब्राउझर बदलला. मग वायफाय बंद करून चालू केलं. मग नोड मॉड्यूल्सचं अख्खं फोल्डर उडवून पुन्हा आणलं. हा आमच्या धंद्यातला शांतीचा विधी आहे. कशाने गुण येतो माहीत नाही, पण केल्यावर घर स्वच्छ वाटतं. पुसायला वीस मिनिटं, आणायला दहा. शेवटी पुन्हा तेच दोनशे जण पावतीपुस्तक घेऊन दारात. बेरीज ३२,०६४.

कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रामचे निरोप उमटतात त्या खिडकीत, एक तांबडी तक्रारही होती. तिचा मराठीत अर्थ, 'दोन मुलांची किल्ली एकच आढळली'. आमच्याकडेही तसंच आहे, दोघांत मिळून एक किल्ली, म्हणून मी ती ओळ फार मनावर घेतली नाही.

मग मी नवी आवृत्ती धीर करून सर्व्हरवर चढवली आणि फोनवर उघडली. बेरीज १६,०३२. घड्याळ एकेक सेकंदाने. बायकोच्या फोनवर बरोबर, मुलाच्या फोनवर बरोबर, त्या जुन्या फोनवाल्याच्याही फोनवर बरोबर. चूक दिसायची ती फक्त माझ्या लॅपटॉपवर. सगळे प्रोग्रामर आयुष्यभर एकच बचाव करतात: माझ्या मशीनवर तर चालतंय! माझं सगळ्यांच्या मशीनवर चालत होतं, फक्त माझ्या नाही. कोकणात आमच्या आत्तेला पिंपळाखाली जे दिसायचं तेही इतर कोणाला दिसायचं नाही. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, याचं मला त्या रात्री प्रथमच वाईट वाटलं.

तपासाची माझी एक खास पद्धत आहे. जिथे संशय असेल तिथे प्रोग्रामने 'आलो' असं छापायचं. थोडं पुढे 'इथेही आलो'. यादी मागवणाऱ्या ओळीवर मी 'आलो' लावलं. पान उघडलं की एकदाच यादी मागवायची, एवढंच तिथे लिहिलं होतं. कन्सोलमध्ये 'आलो' उमटलं आणि शेजारी, एकसारखे संदेश एकावर एक आले की क्रोम लावतो तसा, छोटासा २ हा आकडा. म्हणजे 'आलो, आलो'. बाथरूममधून माणूस ओरडतो तसं.

बुधवारी रात्री भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीला असतो आणि मला 'मामा' अशी हाक मारण्यात त्याची थोडी कीव मिसळलेली असते.

"मामा, रिलीज नोट्स वाचल्यास?"

"चाळल्या."

"स्ट्रिक्टमोड लावलायस?"

"मी कशाला लावू?"

"बघ तरी."

बघितलं. माझ्या अख्ख्या ॲपला 'स्ट्रिक्टमोड' नावाच्या दोन ओळींनी वरून-खालून मिठी मारलेली होती. मी लिहिल्या नव्हत्या. ज्या तयार साच्यातून मी ॲप सुरू केलं होतं त्यातच त्या होत्या, आणि वर्षभर निमूट बसून होत्या.

"अठरावीत ही बाई कडक झालीय," भाचा म्हणाला. "प्रत्येक कंपोनंट पडद्यावर लावते, लगेच काढते आणि पुन्हा लावते. मुद्दाम. फक्त तू बनवत असताना. लोकांसाठी पक्की बांधणी केलीस की करत नाही. म्हणून फोनवर बरोबर दिसतं. आता साफसफाईच्या जागी 'गेलो' छापून बघ."

छापलं. कन्सोलमध्ये तीन ओळी आल्या: आलो. गेलो. आलो.

निरोप घेऊन जिना उतरलेला पाहुणा छत्री विसरली म्हणून परत येतो ना, अगदी तसं.

"पण कशासाठी?"

"तू पसारा आवरतोस की नाही ते बघायला. तू घड्याळ चालू केलंस, थांबवायचं कुठे लिहिलंयस? कंपोनंट गेला तरी तुझं पहिलं घड्याळ चालूच. परत आला, दुसरं सुरू झालं. दोघं मिळून सेकंद खातायत. यादीचंही तेच. आलेली नावं तू जुन्या नावांपुढे चिकटवतोस. दोनदा आली, दोनदा चिकटली. आणि मामा, हे सतरावीतही चुकलेलंच होतं. फक्त दिसत नव्हतं."

हे शेवटचं वाक्य त्याने नसतं उच्चारलं तरी चाललं असतं.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसातल्या त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सोप्पंय सर, स्ट्रिक्टमोडची ओळ काढून टाका. सगळे काढतात." मी काढली. बेरीज १६,०३२, घड्याळ शहाणं, एका सेकंदात सगळं शांत. घरी येऊन मोठ्या उत्साहाने भाच्याला कळवलं. त्याने नुसता 'ओके' पाठवला. पुढे पूर्णविराम होता. मी ओळ परत लावली.

तरी मनातून पटत नव्हतं. एखादं काम नीट झालं की नाही हे बघायला ते दोनदा करून घ्यायचं, हा काय प्रकार? या तणतणीतच अण्णांकडे गेलो. त्यांना वहीत खरा आकडा लिहून द्यायचा होता.

अण्णा जेवणाच्या टेबलावर रोख वर्गणी मोजत बसले होते. ज्या घरांत फोनवरून पैसे भरता येत नाहीत त्यांची रक्कम. समोर वाटीत ओला स्पंज. अंगठा स्पंजवर टेकायचा, नोटेचा कोपरा उचलायचा, ओठ हलायचे, आवाज नाही. बंडल संपलं. त्यांनी रबर लावलं, बंडल बाजूला ठेवलं, पाण्याचा घोट घेतला. मग तेच बंडल पुन्हा उचललं, रबर काढलं आणि पहिल्यापासून मोजायला लागले. मध्ये बोलायची सोय नव्हती. दुसऱ्यांदा रबर लावल्यावर मी विचारलं, "अण्णा, पहिल्यांदा चुकलं होतं का?"

"छे."

"मग?"

"पहिल्यांदा मी पैसे मोजतो," अण्णा म्हणाले, "दुसऱ्यांदा स्वतःला मोजतो."

मी त्यांना स्ट्रिक्टमोड सांगितला. लावते, काढते, पुन्हा लावते, तेही फक्त आतल्या खोलीत, गिऱ्हाइकासमोर नाही. अण्णा ऐकत होते. मला वाटलं होतं हसतील.

"मग बरोबर आहे की," ते म्हणाले. "गिऱ्हाईक समोर असताना दोनदा मोजलं तर त्याला वाटतं आपल्यावर संशय. म्हणून आत मोजायचं. कोणी केलंय हे?"

"अमेरिकेत काही मुलं आहेत."

"त्यातलं कोणीतरी कॅशला बसलेलं असणार," अण्णा खात्रीने म्हणाले.

बावीस वर्षं संगणकात घालवून मला जे चार रात्रींत कळलं नाही, ते अण्णांना स्पंजची वाटी उचलून ठेवण्याच्या अवधीत कळलं. वर त्यांनी विचारलं, "तू रबर लावतोस ना पण? मोजून झाल्यावर?" मी म्हटलं, तेवढंच राहिलं होतं.

त्या रात्री लावलं. घड्याळ सुरू करणाऱ्या ओळीखाली ते थांबवणारी ओळ लिहिली. यादी आली की जुन्या नावांपुढे चिकटवायची नाही, जुनी बाजूला सारून नवी ठेवायची, असं केलं. एकूण ओळी लागल्या चार. अपग्रेड, शांतीविधी, फोन, दोन रजा आणि चार ओळी. पान उघडलं. आलो, गेलो, आलो. बेरीज १६,०३२, आणि स्ट्रिक्टमोड जागच्या जागी. मी बायकोला उठवून दाखवलं. तिने डोळे किलकिले करून विचारलं, "म्हणजे आता आधी होतं तसंच झालं?"

"दिसायला तसंच."

"बरं," म्हणून ती झोपली.

इथे मी थांबायला हवं होतं. ज्या माणसाला लाल सूचना बघवत नाही त्याला थांबणंही जमत नाही. मनात आलं, पुन्हा काही झालं तर? सभेत पुन्हा कोणी दोनदा दिसलं तर? म्हणून खबरदारीची एक पाचवी ओळ घातली: एकाच फ्लॅटची दुसरी नोंद आली तर ती दाखवायची नाही. भाच्याला सांगितलं नाही. रात्री एक वाजता सर्व्हरवर चढवली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरात मखराचे पुठ्ठे पसरलेले, माझ्या दोन्ही हातांना फेविकॉल, आणि दारावरची बेल वाजली. पाठोपाठ पुन्हा वाजली.

"आलो, आलो!" मी आतून ओरडलो.

दारात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. त्यांच्यामागे आणखी चौघं. आजोबांच्या हातात फोन.

"अरे, मी ५०१ दोनदा भरले," आजोबा म्हणाले. "तो ग्रुपवर संदेश आला ना पुन्हा भरा म्हणून. बँकेतून दोनदा गेलेत, अण्णांच्या वहीतही दोनदा आहेत. तुझ्या यादीत एकदाच दिसतायत."

"आमचंही तसंच," मागचे चौघं म्हणाले.

मी फेविकॉलचे हात वर धरून उभा होतो. पाचवी ओळ डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होती.

"बघतो," मी म्हणालो. "आजच बघतो."

आजोबांनी फोन खिशात घातला. जिन्याच्या कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले.

"मागच्या रविवारी चादरीवर दाखवत होतास ना," ते म्हणाले, "ते बरं होतं. त्यात माझं नाव दोनदा होतं."